मायग्रेनचे ट्रिगर शोधायचे तरी कसे? सगळं खाणं बंद करून बसलेय, डोकं दुखतंच आहे

इंदिरानगरवाली

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, आज डोकं शांत आहे म्हणून एका दमात टाईप करून घेतेय.

वय ३६, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. अर्धशिशी कॉलेजपासूनची, आईलाही होती. पण तेव्हा कसं, परीक्षा झाली किंवा घरात लग्नकार्य झालं की एकदा दणका बसायचा, दिवसभर अंधार करून पडायचं, उलटी झाली की मोकळं. गेल्या वर्ष-दीड वर्षापासून मात्र महिन्यातले निम्मे दिवस तरी डोक्यात काहीतरी चालूच असतं, काही दिवस नुसतं जड आणि काही दिवस डाव्या डोळ्यामागे असा ठणका की उजेड नको, आवाज नको, शेजारच्यांच्या फोडणीचा वास आला तरी मळमळ. एमआरआय नॉर्मल. चष्म्याचा नंबर बघून झाला. सायनस पण नाही म्हणाले.

डॉक्टर म्हणाले ट्रिगर, म्हणजे दुखणं कशाने सुरू होतं ते, शोधा आणि टाळा, आणि एक छापील यादी हातात दिली. जुनं चीज, रेड वाईन, चॉकलेट, अजिनोमोटो, प्रोसेस्ड मीट. आता नाशकात राहतो म्हणून काय आमच्याकडे रोज वाईन उघडतात का, मुंबईचे पाहुणे आले की त्यांना वायनरी दाखवायला न्यायची एवढाच आमचा संबंध. आणि चीज म्हणजे पोरांच्या सँडविचमधलं. मग यादीबाहेरचे सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणतात हे पित्तच आहे, दही ताक आंबट बंद कर. जाऊबाई म्हणतात तूरडाळ बंद, मुगाची खा. ऑफिसातली मैत्रीण म्हणते वांगं आणि शेंगदाणे. मी सगळं ऐकलं हो. मिसळ सुद्धा सोडली, नाशिककराने मिसळ सोडली म्हणजे काय ते समजून घ्या. फरक काही नाही. चहा एकदम बंद केला तर तो आठवडा इतका वाईट गेला की परत सुरू केला.

माझ्या लक्षात आलेलं एवढंच: रविवारी हमखास दुखतं (सुट्टीच्याच दिवशी, काय नशीब), संकष्टीला हमखास, आणि पाळी यायच्या एक-दोन दिवस आधी. दुखायच्या आदल्या दिवशी मला गोड खायची भयंकर इच्छा होते आणि जांभया येत राहतात, त्यामुळे मला वाटतं गोड हाच माझा ट्रिगर असणार. संध्याकाळी बोगद्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की हॉर्नने पण सुरू होतं. गोळी मेडिकलमधूनच घेते, पर्समध्ये स्ट्रिप कायम असते, जरा चाहूल लागली की लगेच टाकते, नाहीतर क्लोजिंगच्या वेळी काम कसं करणार.

तर प्रश्न असा की हे ट्रिगर कोणी खरंच शोधून काढलेत का? एकेक पदार्थ बंद करून बघायचं तर किती दिवस? आणि चहाचं काय करायचं?

तर्रीबाज

बाकी काही माहिती नाही पण मिसळ निर्दोष आहे, तिला जामीन द्या 😄 सिरियसली, पहाटे सूर्य उगवायच्या आधी गरम दूध-जिलेबी खाऊन बघा, माझ्या आत्याची अर्धशिशी त्यानेच गेली. आणि सुंठेचा लेप कपाळाला.

गोदाकाठी

ताई, माझं मायग्रेन आता पंचविशीत आलंय म्हणजे माझं वय नाही, दुखण्याचं वय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. आणि नियमितपणे डॉक्टरांकडे जाते, हे सगळं त्यांच्याशी बोलूनच समजलेलं आहे.

सगळ्यात आधी ते गोडाचं. गोड खाऊन डोकं दुखत नाहीये, डोकं दुखायचं आधीच ठरलंय म्हणून गोड खावंसं वाटतंय. मायग्रेन ठणका लागल्यावर सुरू होत नाही, त्याच्या काही तास ते एक-दोन दिवस आधीच मेंदूत सुरू झालेलं असतं. त्या काळात जांभया येतात, मान आखडते, सारखं लघवीला जावं लागतं, चिडचिड होते, काहीतरी ठराविक खावंसं वाटतं. मग माणूस जे खाल्लं त्याला दोष देतो. मान आखडली म्हणून उशी बदलतो, चॉकलेट खाल्लं म्हणून चॉकलेट सोडतो. चॉकलेटवर तर चाचणी पण झालीय, लोकांना कधी चॉकलेट दिलं आणि कधी तशाच चवीची कॅरबची (एका झाडाच्या शेंगांची) वडी, कुठली कोणती ते न सांगता, तर डोकं दुखण्यात काही खास फरक निघाला नाही. फोडणीच्या वासाचं आणि हॉर्नचं पण थोडं असंच आहे. एरवी त्याच बोगद्यात तुम्ही अडकता आणि काही होत नाही ना? ज्या दिवशी हॉर्न सहन होत नाही त्या दिवशी अटॅक बहुतेक आधीच चालू झालेला असतो. कधीकधी आवाज, उग्र वास, झगझगीत उजेड हे खरे ट्रिगरही असतात, नाही असं नाही, पण आधी कोण आलं ते तपासायला हवं.

आणि ते तपासायचं कसं तर चांगल्या दिवसांचं पण लिहायचं. हे कोणी करत नाही. आपण डोकं दुखलं की आठवतो काल काय खाल्लं, आणि दही तर रोजच खाल्लेलं असतं, मग दही गुन्हेगार. पण दही खाऊन काहीच झालं नाही असे दिवस किती ते कुठे लिहिलंय? म्हणून रोज, दुखो न दुखो, रात्री दोन मिनिटं. मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचे, दुधाच्या हिशोबाशेजारी. झोपले कधी उठले कधी, नाश्ता आणि जेवण किती वाजता (काय खाल्लं त्यापेक्षा किती वाजता खाल्लं हे महत्त्वाचं निघतं बघा), चहा किती आणि कधी, पाळी, उन्हात फिरणं, काही मोठं टेन्शन संपलं का, आणि गोळी घेतली का. एवढंच. वीस रकाने केलेत तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. असं निदान दोन-तीन महिने केल्याशिवाय काही दिसत नाही कारण पाळीच मुळात महिन्यातून एकदा येते.

आता तुमचंच बघा. रविवार आणि संकष्टी, दोन वेगळे ट्रिगर वाटतात ना? रविवारी काय होतं, आपण उशिरा उठतो, म्हणजे चहा उशिरा, नाश्ता साडेदहाला, आठवडाभराचं टेन्शन एकदम उतरतं (टेन्शन उतरल्यावर पण दुखतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं). संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं. म्हणजे दोन्हीकडे जे वेळेवर व्हायला हवं ते झालं नाही. तुम्ही ताटातलं एकेक काढत बसलात आणि ट्रिगर ताटात नव्हताच, जेवणाची वेळ चुकण्यात होता.

शिवाय एकच ट्रिगर दर वेळी काम करेल असंही नाही. गंगापूर धरण आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर एका रात्रीच्या पावसाने दरवाजे उघडावे लागतात, तोच पाऊस जूनमध्ये पडला तर कोणाला कळतही नाही. पाळीच्या आधी झोप कमी झाली आणि त्यात दुपारच्या उन्हात गाडी चालवली तर दुखणार, एरवी तेच ऊन चालून जातं. म्हणून "मला उन्हाने होतं" असं छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही.

पदार्थ बंद करून बघायचाच असेल तर एका वेळी एकच, साधारण चार आठवडे, मग परत सुरू करून बघायचा. परत सुरू केल्यावर पुन्हा पुन्हा दुखलं तरच तो ट्रिगर. सहा गोष्टी एकदम बंद केल्या तर कळणार काय? दही, डाळ, दाणे सगळं सोडून तुम्ही नुसत्या अर्धपोटी राहत असाल आणि उपाशी राहणं हाच मोठा ट्रिगर आहे.

दूध-जिलेबीबद्दल: सकाळी वेळेवर पोटात काहीतरी जातं, एवढा गुण तिला द्यायला माझी हरकत नाही.

मेडिकलवाला_पंचवटी

गोदाकाठी ताईंनी छान लिहिलंय, पण मूळ पोस्टमधली शेवटाकडची ओळ कोणी वाचली नाही वाटतं. "पर्समध्ये स्ट्रिप कायम असते, चाहूल लागली की टाकते." ताई, मी काउंटरला उभा असतो, असे गिऱ्हाईक रोज बघतो, दर आठवड्याला येतात आणि म्हणतात डोकं थांबतच नाही, आणखी स्ट्राँग द्या.

साधी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेल्या कॉम्बिनेशन गोळ्या, ट्रिप्टान, अर्गोटामिन (ही दोन्ही खास मायग्रेनची), ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते. गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. एका दिवसात दोन घेतल्या तरी तो एकच दिवस. तुमचं जे वर्णन आहे, आधी कधीतरी यायचं आणि आता निम्मा महिना काहीतरी चालूच, त्यात हा संशय पहिला यायला हवा. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक वाचा, कॅफिन लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर तुमच्या चहाच्या हिशोबात ते पण धरा. चहा एकदम बंद केल्यावर जे झालं ते कॅफिन तुटल्याचं डोकं होतं, शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतं आणि आठवडाभर राहू शकतं. त्यावरून चहा ट्रिगर आहे की नाही काहीच सिद्ध होत नाही. चहा ठरलेल्या वेळी, रविवारी पण त्याच वेळी, आणि कमी करायचा तर हळूहळू, दर थोड्या दिवसांनी अर्धा कप कमी.

गोळी मात्र मनाने बंद करत बसू नका, न्यूरोलॉजिस्टकडे जा. काही गोळ्या एकदम थांबवतात, काही हळूहळू उतरवतात, आणि पहिले दोन ते दहा दिवस डोकं आणखी चढतं, तेव्हा काय घ्यायचं ते डॉक्टरनेच ठरवायचं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनसारखे, आणि हे तीन महिन्यांच्या वर, याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. तिथे नुसतं ट्रिगर टाळून भागत नाही, रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध लागतं. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन अशी असतात, कोणाला कुठलं ते तब्येत बघून. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, मूल होऊ द्यायचा विचार असेल तर टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएटबद्दल आधी स्पष्ट विचारा. लोक पंधरा दिवस खातात आणि "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात, दोन महिने तरी थांबा. क्रॉनिकसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं पण आहेत, दर १२ आठवड्यांनी.

आणि हे सगळ्यांसाठीच: काही सेकंदांत एकदम आयुष्यातलं सगळ्यात जोरदार डोकं दुखणं, सोबत ताप आणि मान कडक, हातपाय लुळे पडणं, बोलताना जीभ अडखळणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागणं, यात ट्रिगर शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

द्राक्षवाला_दिंडोरी

आमच्यासारख्यांनी ट्रिगर टाळायचे कसे ते पण कोणीतरी सांगा राव. ऑक्टोबरला गोडी छाटणी झाली की पुढे फवारण्याच फवारण्या, गंधकाचा वास नाकातून जात नाही, त्यात लाईट रात्रीची असली की पाणी द्यायला दोनला उठायचं. डॉक्टर म्हणतात रोज एकाच वेळी झोपा. म्हटलं साहेब लाईटवाल्यांना सांगा.

मी एवढंच केलं की जे हातात आहे ते धरलं. फवारणी स्वतः करत नाही, माणूस लावला, आणि करायचीच वेळ आली तर चांगला मास्क, रुमाल बांधून काही होत नाही. दुपारी टोपी आणि गडद चष्मा. रात्री उठायचं असलं की बिस्किट का होईना खाऊन बांधावर जातो आणि सोबत पाण्याची बाटली. लाईटचा आठवडा आला की संध्याकाळी सातलाच झोपून घेतो, बायको हसते. ट्रिगर गेला नाही पण तीन ट्रिगर एका दिवशी जमू द्यायचे नाहीत एवढं बघतो. मार्चपर्यंत काढणी झाली की माझं डोकं आपोआप बरं होतं, व्यापाऱ्याने पैसे दिले तर 😅

कॉलेजरोड_ताई

बायकांचे दोन मुद्दे राहिलेत.

एक म्हणजे पाळी. आधीचे दोन दिवस ते पाळीचा तिसरा दिवस, यात येणारं मायग्रेन इस्ट्रोजेन खाली आल्यामुळे येतं, तो ट्रिगर टाळता येत नाही. पण तारीख साधारण माहीत असते ना, मग त्या चार-पाच दिवसांत जागरण, उपास, लांबचा प्रवास ठेवू नका. काही डॉक्टर तेवढ्याच दिवसांपुरतं औषध देतात. आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यासमोर नागमोडी चमकत्या रेषा किंवा दिसण्यात मधेच कोरी जागा येत असेल (त्याला ऑरा म्हणतात) तर इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका, पक्षाघाताचा धोका वाढतो, गायनॅककडे गेल्यावर मायग्रेन आहे हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

दुसरं, डोक्यावरून न्हाणं. हसू नका, मुंबईचे डोकेदुखीचे तज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली यावर ९४ भारतीय पेशंटचा पेपर लिहिलाय. परदेशी यादीत हे येत नाही कारण आपल्यासारखे लांबसडक केस धुऊन ओले बांधून ठेवायची पद्धत तिकडे नाही. माझं स्वतःचं नक्की झालंय. रविवारी सकाळी उपाशीपोटी न्हायचे आणि ओल्या केसांचा अंबाडा घालून स्वयंपाकाला लागायचे. आता नाश्ता करून दुपारी न्हाते, लगेच वाळवते. ताई, तुमचा रविवार पण एकदा या दृष्टीने बघा.

इंदिरानगरवाली

बापरे, एवढं सगळं. स्ट्रिप बघितली, कॅफिन आहे!! आणि महिन्याचे दिवस मोजले तर मेडिकलवाले दादांनी सांगितलेल्या आकड्याच्या बरंच वर जातेय. हे मला छापील यादीत कोणी दिलं नव्हतं. रविवारी न्हाते पण, अर्थात.

दोन शंका. संकष्टी मी सोडणार नाही, सासूबाईंचा प्रश्न नाही माझाच आहे, मग काय करू? आणि गोळी कमी करायची तर ती आत्ता का क्लोजिंग झाल्यावर? ३१ मार्चपर्यंत आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो.

आणि सासूबाईंना काय सांगू, उलटी झाल्यावर डोकं उतरतं म्हणजे पित्तच ना, हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही.

गोदाकाठी

संकष्टी करा की. उपास म्हणजे उपाशी असं कुठे आहे. सकाळी चहा नेहमीच्याच वेळी, नऊला राजगिऱ्याचा लाडू आणि दूध, दुपारी जेवणाच्याच वेळेला भगर-आमटी, चारला फळ, पाणी भरपूर. नुसत्या एका वाटी साबुदाण्यावर रात्री नऊपर्यंत काढायचं बंद करा. माझी संकष्टी अशीच चालू आहे, बाप्पाने तक्रार केलेली नाही.

सासूबाईंना सांगा की मळमळ आणि उलटी मायग्रेनचाच भाग आहे, अटॅकमध्ये जठराचं काम मंदावतं, म्हणून तर गोळी पण नीट लागू पडत नाही आणि काही डॉक्टर सोबत उलटीची गोळी देतात. उलटीनंतर बऱ्याच जणांचं डोकं उतरतं हे खरं आहे पण म्हणून ते पोटातून सुरू झालं असं नाही. वाद घालू नका मात्र. दही परत सुरू करा आणि कॅलेंडरवर लिहा, पुढच्या महिन्यात कॅलेंडरच दाखवा त्यांना.

मेडिकलवाला_पंचवटी

अपॉइंटमेंट आत्ताच घ्या, मार्चनंतर नको. गोळी कधी आणि कशी उतरवायची ते डॉक्टर तुमच्या कामाच्या तारखा बघून ठरवतील, प्रतिबंधक औषध त्याच्या आधीच सुरू करता येतं. जाताना गेल्या महिन्याचं मोजून न्या, कुठल्याही प्रकारचं डोकं दुखलेले दिवस किती, काम अडलं असे दिवस किती, गोळी घेतलेले दिवस किती. स्ट्रिप पण न्या, नाव आठवत नाही आणि "ती लाल गोळी" सांगतात लोक.

तर्रीबाज

म्हणजे मिसळ सुटली ना?

इंदिरानगरवाली

सुटली. शनिवारी नऊ वाजता, वेळेवर 😄

सातपूरकर

मध्येच विचारतो, माझ्या १२ वर्षांच्या मुलाचं दोन्हीकडचं कपाळ दुखतं, शाळेतून आल्यावर, तासा-दोन तासांत झोपून उठला की एकदम ठीक. हे पण मायग्रेन असतं का? मिसेस म्हणते मोबाईलमुळे.

गोदाकाठी

असू शकतं, मुलांमध्ये दोन्ही बाजूंना आणि कमी वेळ दुखतं, पण मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या आणि ॲस्पिरिनची गोळी मनाने अजिबात देऊ नका. वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. त्यात सकाळी काय खाऊन जातो आणि डबा किती वाजता उघडतो तेवढं नक्की लिहा, आणि डबा अर्धा परत येतो का ते पण.